वाढवू का?

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

नीलम नगर, सोलापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ती. महेश्वरी अक्कांना,
गिरिजाचे शरणु शरणार्थी.

मी बरी आहे. थंडी पडायला लागली, तुमच्या गुडघ्यांची आठवण होते. अण्णा अजून स्वतःच दुकानाच्या गल्ल्यावर बसतात असं तुमचा विरेश म्हणाला, ऐकून बरं वाटलं.

ज्वारी पोचली. शेंगाचटणीही पोचली. या खेपेला लसूण जास्त आहे. मला तशीच आवडते हे तुम्ही विसरला नाहीत. पोतं रिकामं करून, धुऊन गच्चीत वाळत घातलंय. दोन वर्षं झाली अक्का, तुम्ही भरलेलं पोतं पाठवता आणि मी रिकामं परत पाठवते, सोबत एक ओळसुद्धा नाही. पोतं आणणारा तुमच्या गल्लीतला महिपती मागे एकदा दारात उभा राहून म्हणाला, "काय निरोप हाय का मामी?" मी म्हटलं, "पोतं पोचलं म्हणून सांग." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, पाणी प्यायला आणि गेला.

परवा विरेशचा फोन आला. म्हणाला, "मामी, आमच्या शांभवीचा वाढदिवस सात डिसेंबरला आहे, रविवारी. तुमचं जंपिंग पाहिजे. सगळ्या मैंदर्गीतली पोरं बोलावणार आहे." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आईनं सांगितलंय, मामीला भरीला घालू नको. तिला आपल्या घरी यायचं नसेल. नसलं यायचं तर अक्कलकोटातनं दुसरं कुणाचं बघू."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, विचार करून कळवा. ते कळवायला हे पत्र लिहिते आहे. फोन हाताशी आहे, पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी ज्वारीचंच बोलेन. तुमच्या दारात पाय ठेवण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. जरा दमानं सांगते. आधी धंद्याचं लिहिते.

धंदा कसा सुरू झाला ते तुमच्या कानावर आलं असेल, आणि सांगणाऱ्यानं त्यात आपलं थोडं घातलंही असेल. खरं इतकंच आहे की जानेवारीत कमलम्मा मला गड्ड्याच्या यात्रेला ओढून घेऊन गेली. शेजारची कमलम्मा, तुम्ही पाहिली आहे तिला. विड्या वळते, घरात तेलुगू बोलते आणि मराठी बोलली तरी तेलुगूच्याच वेगानं बोलते. हे गेल्यापासून मी घर आणि टॉवेलचा कारखाना याशिवाय कुठं गेलेच नव्हते. सकाळी जायचं, टॉवेलच्या कडा शिवायच्या, संध्याकाळी यायचं, वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायचं आणि तेच पान परत परत वाचायचं.

यात्रेत पाळण्यांच्या पलीकडे एक हवेचा वाडा लावला होता. त्यालाच पोरं जंपिंग म्हणतात. चार कोपऱ्यांना बुरूज, मधे उड्या मारायला गादी, सगळं जाड रबरी कापडाचं आणि आत नुसती हवा. एका बुरुजाची शिवण उसवली होती आणि तो मान टाकून बसला होता. मालक नातेपुत्याचा म्हातारा, तात्याबा. पोरांना माघारी पाठवत होता. मी सवयीनं जवळ गेले आणि शिवण बघितली.

म्हटलं, "सुती दोऱ्यानं शिवलंय तुम्ही. सुती दोरा कुजतो."

"मग तुमी शिवा की बाई," म्हातारा म्हणाला. "बोलायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन गेले आणि शिवून दिलं. बुरूज उभा राहिला. यात्रा उठायच्या वेळी तात्याबा म्हणाला, आता गुडघं चालत न्हाईत, पोरांना ह्यात गोडी न्हाय, घेता का वाडा? मी तोंड उघडायच्या आत कमलम्मा म्हणाली, "घेते ती."

"मी कुठं म्हटलं?"

"तुझी मान बघ की आरशात. टॉवेल शिवून शिवून त्या बुरुजावाणी झालीय. घे म्हणते ना."

घेतला. पैशाचं त्यानं जमेल तसं द्या म्हटलं आणि तसंच घेतलं. असली माणसं अजून आहेत. जाताना त्यानं मला त्याचं गुपित सांगितलं. मला वाटलं होतं, वाडा फुग्यासारखा असतो, एकदा भरला, तोंड बांधलं, झालं. तो म्हणाला, "तसं नसतंय बाई. शिवणीतनं हवा जाणारच. जाईल तेवढी ह्या पंख्यानं भरत ऱ्हायची. पंखा थांबला की वाडा बसला. बाकी ह्यात शिकण्याजोगं काय न्हाय."

पंखा म्हणजे ब्लोअर. पिंपाएवढा असतो आणि वाडा उभा आहे तोवर अखंड घरघरत असतो.

कमलम्मा वाड्याला बुग्गा म्हणते, त्यांच्यात फुग्याला तसं म्हणतात. तिच्या जावयाचा छोटा टेम्पो आहे. सुरुवातीला आम्ही फार चुका केल्या. पहिल्याच वाढदिवसाला वीज गेली आणि वाडा पोरांच्या अंगावर हळूहळू बसायला लागला. कोणाला काही झालं नाही, पोरांना उलट तीच गंमत वाटली, पण मी एकेकाला ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून जनरेटर सोबत घेतल्याशिवाय निघत नाही. एकदा ओला वाडा तसाच गुंडाळून ठेवला, तर त्याला असा वास सुटला की कमलम्मा म्हणाली, "आत कोण पोरगं राहिलं काय की बघ." आता जमतंय बऱ्यापैकी. लग्नसराईत, सुट्टीत हाताला उसंत नसते. टॉवेलचं काम मी उन्हाळ्यात सोडलं.

कामं वाटून घेतली आहेत. वाडा पसरणं, खुंट्या ठोकणं, शिवणी तपासणं माझं. पोरांच्या चपला, केसांतल्या पिना, खिशातली पेनं काढून घेणं माझं. बटण बंद करून वाडा उतरवायचं काम कमलम्माचं. पहिल्या दिवसापासून तसंच आहे. त्या वेळी मी टेम्पोपाशी दोऱ्या गुंडाळत असते. ती मला का म्हणून विचारत नाही.

लोकांचंही सांगते. एका बारशाला आम्हाला बोलावलं होतं. वाडा अंगणात लावला, आणि घरातल्या एका बाईनं माझ्या कपाळाकडे बघून आत कुणाला तरी हळू सांगितलं की त्या बाईला पाळण्यापाशी येऊ देऊ नका. हळू म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळू. मी काही बोलले नसते. कमलम्मा म्हणाली, "वैनी, ही बाई पंख्यापासून उठली ना, तर अंगणातली सगळी पोरं तुमच्या पाळण्यापाशी येतील. कोण पाहिजे सांगा." ती बाई हसली. मग तिनंच घुगऱ्यांची वाटी आणून माझ्या हातात दिली.

अक्का, हे तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गेल्यावर मला वाटलं होतं की आता दुसऱ्यांच्या घरातला आनंद आपल्याला रस्त्यावरूनच बघायचा. आता आठवड्यातून दोन-तीन वेळा मी कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला असते. ओळख ना पाळख, पोरं येतात, माझ्या खांद्याला धरून चपला काढतात, पडली तर माझ्याच पदराला नाक पुसतात. केक कापला की एक तुकडा पंख्यापाशी येतोच. मला केक आवडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण खाते. देणाऱ्याच्या हाताकडे बघून खाते. ज्यानं त्या दिवशी यात्रेतला एक बुरूज उसवला त्याचे आभार, तात्याबाचे, कमलम्माचे. आणि तुमचे. तुमचे का, ते आता सांगते.

दिवाळीनंतर जुळे सोलापुरात एक वाढदिवस होता. कमलम्माच्या सुनेचे दिवस भरले होते, म्हणून ती आली नाही. जावयानं टेम्पोतून वाडा आणून सोडला आणि संध्याकाळी येतो म्हणून गेला. वाडा मी एकटीनंच उभा केला. पोरांचं खेळणं झालं, केक झाला, पानं मांडायची वेळ झाली. मुलाची आजी दारात आली, चांगली काठापदराची, ठसठशीत बाई. मला म्हणाली, "बाई, आता वाढवा."

म्हणजे बंद करा. माझ्या लगेच लक्षात आलं. पण पोरांच्या कानावर तो शब्द पडला आणि वाड्यात एकच गलका झाला. "आजी वाढवा म्हणाली! वेळ वाढवला! वाढवा, वाढवा!" आणि दुप्पट जोरानं उड्या सुरू झाल्या.

आजी ओरडली, "अरे मेल्यांनो, वाढवा म्हणजे बंद करा!"

एक दोन वेण्यांची मुलगी उडी मारता मारता थांबली. म्हणाली, "मग बंद करा असंच म्हणायचं ना."

"चांगल्या दिवशी बंद म्हणू नये बाळा."

"पण मग आम्हाला कसं कळणार?"

सगळे हसले. आजीही हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला खाली बसावं लागलं. कुंडीच्या कट्ट्यावर बसले आणि एक हात पंख्यावर ठेवला. पंखा हाताखाली थरथरत होता.

अक्का, त्या मुलीनं जे विचारलं ते मी दोन वर्षं कुणाला विचारू शकले नव्हते.

आता ती गोष्ट लिहिते. श्रावणातली ती दुपार. ह्यांचा श्वास महिनाभर मशीनवर चालला होता. तुम्ही मैंदर्गीहून आठ दिवस आधी येऊन राहिला होतात, माझ्याबरोबर उठत-बसत होतात. ऑक्सिजनच्या त्या मशीनची घरघर आपल्या दोघींच्या अंगात भिनली होती. आणि घरात एकच भाषा उरली होती. आकडा दोनवर ठेव. धाप लागली, वाढव. आता जरा कमी कर. पुन्हा वाढव. महिनाभर त्या खोलीत 'वाढव' या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता.

समोरचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. मी ते बघितलं होतं. बघितलं होतं, पण आत घेतलं नव्हतं. नळी ह्यांच्या नाकाशी होती आणि मशीन चालू होतं. मशीन चालू आहे म्हणजे अजून काहीतरी चालू आहे असंच मला वाटत होतं.

तुम्ही मशीनपाशी गेलात. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणालात, "तंगी, वाढवू का?"

तुम्ही मला लग्न होऊन आल्यापासून तंगी म्हणता. तुमच्या कन्नडातली धाकटी बहीण. आणि तुम्ही दुकानदाराच्या घरातल्या. रात्री फळ्या लावताना दुकान वाढवलं म्हणता, बांगडी फुटली तर बांगडी वाढवली म्हणता, देवापुढचा दिवासुद्धा तुम्ही कधी विझवला म्हटला नाहीत. भावाच्या उशाशी उभं राहून 'बंद करू का' हे शब्द तुमच्या तोंडातून कसे येणार?

पण मला वाटलं, अजून एक आकडा शिल्लक आहे. मी म्हटलं, "वाढवा अक्का. लवकर वाढवा."

त्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते बघणं मी विसरलेली नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. जुळे सोलापुरातल्या त्या कट्ट्यावर बसले असताना लागला. तुम्हाला वाटलं असणार, ही बाई नवऱ्याचं मशीन लवकर बंद करा म्हणते. महिनाभर जागून थकली, हिला आता एकदाचं सुटायचंय.

मग तुम्ही बटण दाबलंत. खोलीत जी शांतता झाली ती अजून माझ्या कानात आहे. मी ओरडले, "का बंद केलं?" तुम्ही म्हणालात, "तूच म्हणालीस ना, तंगी." त्यापुढे आपण दोघी एकमेकींशी बोललो नाही. आधी माणसं जमली, मग मातीचं झालं, स्वामी येऊन गेले, पाहुण्यांची जेवणं झाली, आणि तुम्ही पिशवी उचलून मैंदर्गीला गेलात. मला वाटत राहिलं, अक्कांनी माझा आकडा हिरावला. तुम्हाला काय वाटत राहिलं असेल ते मी आज पहिल्यांदा धीर करून लिहिलं.

तर अक्का, मला सुटायचं नव्हतं. मला अजून हवे होते ते. 'लवकर' म्हटलं ते त्यासाठी.

आणि तुम्हीही काही हिरावलं नाहीत. हिरावण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. कोणीतरी ते बटण दाबायलाच हवं होतं. माझ्यानं ते झालं नसतं. मी ते मशीन रात्रंदिवस चालू ठेवलं असतं आणि त्यापाशी बसून राहिले असते. सख्ख्या भावाचं ते काम तुम्ही केलंत, आणि मला वाईट वाटू नये म्हणून शब्दसुद्धा निवडून वापरलात. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहिले आहेत. दोन वर्षं रिकामं पोतं पाठवत राहिले, त्याच्या जागी हे दोन शब्द पाठवायला हवे होते.

वाचनालयात जाऊन मी जाडा शब्दकोश उघडला. चौथी शिकलेली बाई जाडी पुस्तकं काखेत मारून आणते म्हणून तुम्ही पूर्वी हसायचात, आणि तुमचा भाऊ म्हणायचा, "हसू नको अक्का, एक दिवस तुझ्या नावाचाही अर्थ सांगेल ती." 'वाढवणे' काढलं. वर माझा अर्थ होता, जास्त करणे. खाली तुमचा होता, शुभ बोलायची रीत म्हणून बंद करणे. दोन्ही एकाच शब्दापुढे.

त्या वाढदिवसाचं पुढचं राहिलं. मी आजींना म्हटलं, "जरा वेळ दोन्ही करू. आधी पोरांचा वाढवा, मग तुमचा." त्या हसून आत गेल्या. पोरांना हवं तेवढं उडू दिलं. मग एकेकाला खाली उतरवलं, चपला दिल्या, आणि बटण मी माझ्या हातानं दाबलं. धंद्यात पहिल्यांदाच.

वाडा एकदम पडत नाही अक्का. आधी बुरूज माना टाकतात, मग भिंती आत कलतात, गादीचं पोट मात्र कितीतरी वेळ वरखाली होत राहतं. शेवटची हवा आपणच काढावी लागते, अंगाखाली दाबून. मी त्याच्यावर पालथी पडले. कापड दिवसभराच्या उन्हानं गरम होतं, आणि शिवणींमधून हवा माझ्या गालाशी येत होती, हळू, मग आणखी हळू. ती यायची थांबली तेव्हा मला रडू आलं नाही. मी उठले आणि वाडा घडी घालून बांधला. जावई टेम्पो घेऊन आला तेव्हा, सासूला हाक मारतो तशीच मला मारून, म्हणाला, "अत्ते, एकटीनं बांधलं?" मी म्हटलं, "हो. झालं."

कमलम्माला नातू झाला. तिला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आत्ता सांगतीस व्हय. मला वाटलं तुला बटण दिसत नाही, चष्मा लागला असंल." मग माझा हात धरून बराच वेळ बसली, आणि विड्या तशाच राहिल्या.

तर विरेशला सांगा, अक्कलकोटातून कुणाचं आणू नको. सात तारखेला मी येते. पोतं महिपतीकडे देत नाही, माझ्याबरोबर आणते; त्यात शांभवीसाठी मी कडा शिवलेला टॉवेल असेल. अंगणात चुलीच्या बाजूची जागा सोडून दुसरीकडची साफ करून ठेवायला सांगा, खडे नकोत. पोरांना पोटभर उडू दे.

संध्याकाळी मुलं उतरली की तुम्ही पंख्यापाशी या. गुडघे दुखत असतील तर मी खुर्ची ठेवीन. बटणावर बोट तुम्हीच ठेवा आणि मला विचारा, अगदी तसंच, "तंगी, वाढवू का?"

मी हो म्हणेन. या वेळी लवकर म्हणणार नाही.

तुमची तंगी,
गिरिजा